दीड तासाचा भोंगा



सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचें वडगांव हें सुमारें तीन हजार वस्तीचें गांव. सन २०२२ च्या ऑगस्ट महिन्यांत या गांवानें एक निराळाच ठराव केला. सायंकाळीं सात वाजतां देवळावरील भोंगा वाजावयाचा, आणि तेव्हांपासून साडेआठपर्यंत घरोघरचे दूरदर्शन-संच व मोबाईल बंद ठेवावयाचे. त्या दीड तासांत मुलांनीं अभ्यास करावा, मोठ्यांनीं कांहीं वाचावें, एकमेकांशीं बोलावें. करोनाच्या साथींत शाळा मोबाईलवर भरल्या. साथ ओसरली, शाळा पुन्हां उघडल्या, पण मुलांच्या हातचा मोबाईल कांहीं सुटेना. या अनुभवांतून तो ठराव जन्मास आला.

आपल्या मुलाच्या हातून मोबाईल काढून घेण्यास आईबाप समर्थ नाहींत काय, असें कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु ज्यानें हा प्रयोग आपल्या घरीं करून पाहिला असेल त्यास उत्तर ठाऊक आहे. शेजारच्या ओसरीवर चार मुलें एका पडद्यावर वांकलेलीं असतां आपल्या एकट्या मुलास केलेली मनाई त्यास शिक्षा वाटते. तीच मनाई साऱ्या गांवानें पाळली म्हणजे ती रीत होते. शिक्षेविरुद्ध मूल बंड करतें. रीत तें नकळत उचलतें. एकेका आईबापास जें साधत नाहीं तें समाजास साधतें, तें याच कारणानें.

शिवाय तो भोंगा केवळ मुलांसाठीं नव्हता. वडिलांच्या बातम्या आणि आईची मालिकाहि त्यानें थांबविली. मीं स्वतः एकदां नातवास मोबाईल खालीं ठेवण्याविषयीं दटावलें, तेव्हां त्यानें कांहीं न बोलतां माझ्या हाताकडे पाहिलें. माझ्याहि हातांत तेंच यंत्र होतें. त्या दृष्टीस माझ्याजवळ उत्तर नव्हतें.

मात्र एक सावधगिरी हवी. समाजानें मूल वाढवावें याचा अर्थ त्यावर पहारा ठेवावा, असा नव्हे. भोंगा वेळ मोकळा करून देतो; तो भरावयास माणसेंच लागतात. १९४५ सालीं ताराबाई मोडक यांनीं बोर्डी येथें ग्रामीण बालशिक्षणाचें कार्य आरंभिलें. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी. पाड्यावरचीं मुलें शाळेंत येईनात, तेव्हां शाळाच त्यांच्या अंगणांत नेण्यांत आली. अंगणवाडी हा शब्द आज सर्वांच्या तोंडीं आहे. त्यांतलें अंगण मात्र आपण विसरलों. निवृत्त गुरुजी, गोष्टी जाणणारी आजी, सुतारकाम जाणणारा शेजारी, हीं माणसें प्रत्येक आळींत आहेत. आठवड्यांतून एक संध्याकाळ त्यांनीं दिली, तरी भोंगा न वाजवितांहि कित्येक पडदे बंद राहतील.

यंत्रास शिव्या देण्याचा अधिकार मला नाहीं. मीहि एका यंत्रांतूनच आपणांशीं बोलत आहें. म्हणून इतकीच विनंती करतों. माझें भाषण संपतांच हा रेडिओ बंद करावा, आणि घरांतल्या किंवा शेजारच्या ज्या मुलाचें बोलणें आज कोणीं ऐकलें नसेल, त्याचें ऐकावें.