परतीच्या वाटेवरची गुठळी

बाळंतपण नीट पार पडते, मूल सुखरूप असते, आणि दहाव्या-बाराव्या दिवशी बाळंतिणीचे डोके दुखू लागते. वारा लागला असेल म्हणून घरच्या वडीलधाऱ्या बायका कपाळाला सुंठ उगाळून लावतात. दुखणे हटत नाही; आडवे पडले की वाढते, ओकाऱ्या होतात, आणि एके दिवशी आकडी येऊन हात लुळा पडतो. मग बाहेरची बाधा झाल्याची शंका निघते, आणि मोलाचे दिवस अंगाऱ्या-धुपाऱ्यांत जातात.

एडिंबरोचे वैद्य जॉन ॲबरक्रॉम्बी यांनी १८२८ मध्ये अशाच एका नवप्रसूत तरुणीचा वृत्तान्त लिहून ठेवला. मृत्यूनंतर तिच्या मेंदूतील शिरांत साकळलेले रक्त आढळले होते.

पक्षाघात म्हटला की मेंदूकडे रक्त नेणारी रोहिणी तुंबली किंवा फुटली, असा सर्वसाधारण समज असतो. येथे रक्त मेंदूत पोहोचते. अडते ते परतताना. मेंदूतील नीला आपले रक्त कवटीच्या आतील जाड आवरणाच्या पदरांमधल्या रुंद मार्गांत ओततात आणि तेथून ते मानेवाटे हृदयाकडे जाते. अशा मार्गात गुठळी बसली की, मोरी तुंबल्यावर पाणी न्हाणीघरात चढावे, तसा दाब मागे चढत जातो. मेंदू सुजतो, आणि कित्येकदा शिरांतून रक्त बाहेर झिरपते. साध्या सीटी चित्रात हे नेहमी दिसतेच असे नाही. नीलांचे निराळे चित्र घ्यावे लागते.

जखमेवर रक्त थिजले नाही तर मनुष्य जगायचा नाही. पण त्या थिजण्याला आवर घालणारी द्रव्येही रक्तातच असतात. १९६५ मध्ये एगेबर्ग यांनी अँटिथ्रॉम्बिन हे द्रव्य जन्मतःच कमी असलेले एक नॉर्वेजियन कुटुंब वर्णिले. प्रथिन सी व प्रथिन एस हीही त्याच जातीची. १९९४ मध्ये हॉलंडातील लायडन येथे गोठण-घटक पाचमधील असा दोष सापडला, की तो प्रथिन सीचा लगाम मानीत नाही. युरोपात हा दोष पुष्कळ आढळतो, भारतात त्या मानाने विरळा. असा उणेपणा घेऊन माणसे वर्षानुवर्षे निर्वेध जगतात. मग गर्भारपण येते. प्रसूतीच्या रक्तस्रावापासून स्त्री वाचावी म्हणून निसर्गच त्या काळात रक्त अधिक साकळते करतो. त्यात बाळंतिणीला पाणी बेताने देण्याची काही घरांतली चाल! मात्र हा केवळ बायकांचा रोग नव्हे. हैदराबादच्या निझाम संस्थेने २०१२ मध्ये ४२८ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. तीत निम्म्याहून अधिक पुरुष होते.

उपचार ऐकून नातेवाईक दचकतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. मेंदूत रक्त झिरपले असतानाही रक्ताचे साकळणे रोखणारे हेपारिन द्यायचे! पण ते झिरपणे तुंबलेल्या दाबामुळे असते. वाट मोकळी झाली तरच दाब उतरतो. १९९१ मध्ये जर्मनीतून प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हेपारिन मिळालेल्या १० रुग्णांपैकी ८ पूर्ण बरे झाले, कोणी दगावले नाही. न मिळालेल्या १० पैकी ३ दगावले. वीसच माणसे, पण त्यांनी डॉक्टरांचे भय पुष्कळ कमी केले.

पुढे काही महिने गोळ्या घ्याव्या लागतात. त्या प्रथिनांची मोजणी रोगाच्या भरात फसवी ठरते, कारण गुठळी स्वतःच ती खर्चून टाकते, आणि काही औषधांनीही ती घटतात. म्हणून सारे निवल्यावर तिचे रक्त पुन्हा तपासतात. दोष निघालाच, तर कधी तिच्या धाकट्या बहिणीचेही.