अडीच सेकंदांचा नियम

ग्रेट ब्रिटनमध्ये जुगार कायदेशीर आहे, पण मोकाट नाही. २००५च्या कायद्याने तिथे ‘गॅम्बलिंग कमिशन’ ही नियामक संस्था आली. परवाना देणे, दंड करणे, वेळ पडल्यास परवाना काढून घेणे, हे तिचे काम.

जुगार मोबाइलवर आला, तसे नियमही बदलले. एप्रिल २०२०पासून क्रेडिट कार्डावर जुगार खेळायला बंदी आली; लॉटरीचे काही अपवाद सोडले, तर कार्डाच्या उधारीवर डाव लावता येत नाही. २०२१मध्ये ऑनलाइन स्लॉट खेळातल्या आपोआप फिरणाऱ्या फेऱ्या बंद झाल्या. प्रत्येक फेरी किमान अडीच सेकंदांची हवी, असेही ठरले. भान सुटलेल्या माणसाला तेवढी उसंतही मोलाची असते. २०२५मध्ये एका फेरीवर ५ पौंडांची मर्यादा आली. १८ ते २४ वयाच्या तरुणांना तर २ पौंडांचीच. मला हा सर्वांत शहाणपणाचा नियम वाटतो.

आणि ‘गॅमस्टॉप’ ही मोफत सेवा. तिथे स्वतःचे नाव नोंदवले की परवानाधारक ऑनलाइन कंपन्यांना त्या व्यक्तीला खेळू देता येत नाही. तुमची मुले, भाचरे तिकडे शिकायला असतील, तर हे नाव त्यांना आवर्जून कळवा.