जर्मन घरचे ताट

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवानिमित्त चार शब्द बोलावेत असा आग्रह कार्यवाहांनी धरला आणि विषयाची निवड माझ्यावरच सोपवली. फायलींत जन्म घालवलेला मनुष्य जर्मन स्वयंपाकघरावर बोलणार, हे ऐकून आमच्या घरी प्रथम हशाच पिकला. कारण चहापलीकडे माझी मजल गेलेली नाही. परंतु २०१२ साली ऑक्टोबरपासून पुढचे चार महिने प्रशिक्षणाच्या निमित्ताने मी बॉन शहरी होतो आणि एका वृद्ध बाईंच्या घरी भाडेकरू म्हणून राहत होतो. त्या घरी जे पाहिले, त्याचा आपल्यासारख्या दूरदेशी राहणाऱ्यांशी निकटचा संबंध आहे, असे मला वाटते.

जर्मन जेवण म्हणजे मांस आणि बिअर, अशी आपली समजूत असते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. त्या घराचा खरा आधार म्हणजे पाव. आपल्या मऊ लादीपावाशी त्याची गल्लत करू नये. तो राय नावाच्या धान्याचा, काळसर, आंबूस आणि चांगलाच जड असतो. रायचे पीठ आंबवल्यावाचून त्याचा पाव नीट साधत नाही. म्हणून आपण विरजण राखतो तसा आंबलेल्या पिठाचा एक गोळा पुढच्या खेपेसाठी राखून ठेवतात. वेस्टफालिया प्रांतातील पुम्परनिकेल हा पाव तर मंद आचेवर किमान सोळा तास भाजला जातो. तीन हजारांहून अधिक प्रकारच्या पावांची नोंद त्या देशाने केली आहे.

दुपारचे जेवण गरम आणि रात्रीचे थंड, ही तिथली जुनी रीत. रात्रीच्या जेवणाचे नावच ‘आबेंडब्रोट’, म्हणजे संध्याकाळचा पाव. पाव, लोणी, चीज, काकडीचे लोणचे. चूल पेटवायचीच नाही. पहिल्या रात्री माझ्यासमोर हे ताट आले तेव्हा बाईंच्या घरचा गॅस संपला असावा, असे वाटून मी त्यांची कीव केली! कचेरीतही दुपारी बाराच्या सुमारास जो तो समोर येणाऱ्यास ‘मालत्साइट’ म्हणतो. अर्थ एवढाच, की जेवणाची वेळ झाली. वरिष्ठ-कनिष्ठ हा भेद विसरून सर्वजण ज्या अभिवादनात सामील होतात, असे दुसरे अभिवादन मी सरकारी जगात ऐकलेले नाही.

बटाटा हे त्यांचे दुसरे दैवत. पण तो तिथला नव्हे, दक्षिण अमेरिकेतून आलेला. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याने १७५६ साली बटाट्याच्या लागवडीचे फर्मान काढले. पोट्सडाम येथील त्याच्या समाधीवर लोक आजही फुलांबरोबर बटाटे ठेवतात. आपल्याकडेही तो परकाच; ‘बटाटा’ हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांकडून आला. आज मात्र आपल्या उपवासाला तोच लागतो.

तिसरी गोष्ट आंबवलेल्या कोबीची. कोबी बारीक चिरून शंभर भागांस सुमारे दोन भाग मीठ चोळायचे आणि मातीच्या बरणीत दडपून काही आठवडे ठेवायचे. व्हिनेगर नाही, मसाला नाही. बर्फाच्या दिवसांत ताजी भाजी मिळत नसे, तेव्हा घरे या बरणीवर तगून राहत. दडपणाचा दगड आणि वर झाकलेले स्वच्छ फडके पाहून मला आमच्या माजघरातील लोणच्याच्या बरण्या आठवल्या.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. नाताळपूर्वीचे चार रविवार तिथे एकेक मेणबत्ती लावून पाळतात आणि घरोघर बेकिंग चालते. न्यूरेंबर्गच्या प्रसिद्ध लेबकूखेनमध्ये दालचिनी, लवंग, वेलदोडे असे आपले मसाले असतात. नाताळच्या आदल्या संध्याकाळी कित्येक घरांत बटाट्याचे सॅलड आणि सॉसेज एवढाच साधा बेत असतो. आमच्या बाईंच्या घरी मात्र आणखी एक पदार्थ होता. मेजाच्या कडेला त्यांनी पितळी हातयंत्र आवळून बसवले आणि त्यात निळसर काळी खसखस दळायला घेतली. ती दुधात शिजवून, साखर, मनुका, बदाम घालून पावाच्या तुकड्यांवर थरांनी रचली. मी शाकाहारी, एरवी त्यांच्या घरी माझे ताट अर्धे रिकामेच असे. त्या रात्री मी दोनदा मागून घेतले.

त्या वेळी बाईंनी सांगितले, की हा पदार्थ बॉनचा नव्हे. त्यांचा जन्म सायलेशियातील ब्रेस्लाऊ शहरातला. दुसऱ्या महायुद्धानंतर ते शहर पोलंडकडे गेले, त्याचे नाव व्रोत्सवाफ झाले आणि १९४६ साली, वयाच्या नवव्या वर्षी, त्या आईचे बोट धरून पश्चिमेकडे आल्या. युद्धाच्या अखेरीस आणि नंतर अशा रीतीने पूर्वेकडची घरेदारे सुटलेल्या जर्मनांची संख्या सुमारे सव्वा कोटी होती. त्या युद्धात जर्मनीने इतरांवर जे लादले ते विसरता येणार नाही आणि बाईही ते विसरल्या नव्हत्या. पण नऊ वर्षांच्या मुलीचे घर गेले, हेही खरेच. आईने सामानात हे यंत्र आणले होते.

पदार्थ गावापेक्षा चिवट असतो. कॅपर घातलेल्या पांढऱ्या रश्श्यातील ‘क्योनिग्सबेर्गर क्लोप्से’ या मांसाच्या गोळ्यांचेच पाहा. ज्या क्योनिग्सबेर्ग शहराचे नाव त्यांना आहे, ते १९४६ पासून कालिनिनग्राड झाले. पूर्व जर्मनीच्या राजवटीला ते जुने नाव अडचणीचे, म्हणून तिथे याच पदार्थाला ‘कोखक्लोप्से’ म्हणत. राजवट १९९० साली संपली. पदार्थ जुन्या नावानिशी शिल्लक आहे.

पण चिवट म्हणजे अमर नव्हे. बाईंची मुलगी हांबुर्गला असे. तिला खसखशीचा हा खटाटोप नको होता आणि नातवंडांना त्याची चव ठाऊक नव्हती. प्रमाण कुठे लिहून ठेवले आहे का, असे मी विचारले. बाई म्हणाल्या, “आईने लिहिले नाही, मीही नाही. हातालाच ते ठाऊक आहे.” मग थोड्या वेळाने त्यांनीच वही काढली आणि मला वजनकाट्यापाशी उभे केले. त्या टाकीत, मी मोजी आणि त्या लिहीत.

त्या रात्री मला माझ्या आईचे अनारसे आठवले. खसखशीवर थापलेले, जाळीदार. बदलीच्या प्रत्येक गावी दिवाळीला त्यांचे पार्सल येई. तांदूळ किती दिवस भिजवायचे, गूळ किती, हे मी कधी विचारले नाही. आणि आई गेल्यावर विचारायला कोणी उरले नाही. आमच्या घरी आता अनारसे विकतचे येतात. वाईट नसतात, पण ते आमचे नसतात.

म्हणून समारोपाला एकच विनंती करतो. आपल्या मंडळाने पन्नास वर्षे गणेशोत्सव केले, नाटके केली, ग्रंथालय चालवले. आता ग्रंथालयात एक कोरी वही ठेवावी. कोकण, देश, खानदेश, वऱ्हाड, जिथून ज्याचे घर आले असेल, तिथला एक पदार्थ घरातील वडीलधाऱ्या बाईला विचारून त्याने मापासकट त्यात उतरवावा. लिहिण्याचे काम मुलांकडे द्यावे. मराठीचा सरावही होईल. मात्र विलंब करू नये. हातांना जे ठाऊक असते, ते हातांबरोबरच जाते.

भोजनाची वेळ झाली आहे. मालत्साइट!