घाटातील गाडी आणि तिची निगा

(तोरणमाळ येथे पंचायत सदस्य, शिक्षक व वाहनचालक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



शहाद्याहून येथे येणाऱ्या प्रत्येकाला सात पायरीचा घाट चढावा लागतो. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,१५० मीटर उंचीवर आहे. म्हणजे सपाटीवरून निघालेली गाडी जवळजवळ एक हजार मीटर वर येते आणि तेवढीच खाली उतरते. चढताना इंजिनाची परीक्षा होते. उतरताना परीक्षा होते ती गाडीची निगा राखणाऱ्या माणसाची, आणि आज मला त्याच्याविषयीच बोलावयाचे आहे.

माझी नोकरीची सारी वर्षे सरकारी वाहनांच्या दुरुस्तीत गेली. एकदा अशाच एका घाटात रुग्णाला घेऊन उतरणाऱ्या गाडीचे ब्रेकचे पायडल एकाएकी तळाला टेकले. आत एक बाळंतीण होती. चालक मुरलेला होता. त्याने गाडी खालच्या गिअरमध्ये घातली आणि डोंगराच्या बाजूच्या चरात नेऊन थांबविली. कोणालाही इजा झाली नाही. गाडी पाहावयास मी गेलो तेव्हा कळले की ती अवघी चार वर्षांची होती. लॉगबुकात किलोमीटर होते, डिझेल होते, साहेबांच्या सह्या होत्या. ब्रेक ऑइल बदलल्याची नोंद मात्र कोठेच नव्हती. त्याच आवारात अठरा वर्षांची एक जीप उभी होती. तिचा पत्रा गंजला होता, पण तिचे ब्रेक चोख होते. तिचा चालक तिच्यावर विसंबून नव्हता. रोज सकाळी वाकून तो चाकांच्या आतल्या बाजूला तेलाचा ओघळ आला आहे काय हे पाहत असे.

नवी गाडी निष्काळजीपणा पुष्कळ काळ सोसते, आणि म्हणूनच तो वाढतो. जुनी गाडी लगेच तक्रार करते.

त्या दिवशी नेमके काय झाले ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण ते येथेही होऊ शकते. दोन टनांची भरलेली गाडी एक हजार मीटर उतरते तेव्हा जी शक्ती जिरवावी लागते, तिच्या उष्णतेने साठ लिटर थंड पाणी उकळीला येईल. इंजिन खालच्या गिअरमध्ये ठेवले तर यातील बराच भार ते उचलते. डिझेल वाचविण्यासाठी कोणी गाडी न्यूट्रलमध्ये सोडली, तर हा सारा भार चार चाकांच्या लायनरांवर येतो. आणि इंजिनच बंद केले तर ब्रेकला मिळणारी मदतही जाते. आता ब्रेक ऑइलकडे पाहा. ते हवेतील ओल शोषून घेते. सामान्य प्रतीचे नवे ऑइल २०५ अंशांच्या आत उकळू नये असे मानक आहे. ओल मुरल्यावर मात्र ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरते. ते उकळले की नळीत वाफ होते. वाफ दबते, तेल दबत नाही. म्हणून पायडल खाली जाते आणि चाक तसेच फिरत राहते. साधारणपणे दोन वर्षांनी हे ऑइल बदलावे. त्याला होणारा खर्च एका टायरच्या किमतीपुढे नगण्य आहे.

टायरचीही तीच गोष्ट. त्याच्या बाजूवर कोरलेल्या चार आकड्यांत तो कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी तयार झाला हे लिहिलेले असते. उभ्या गाडीचा टायर नक्षी न झिजताही कडक होतो आणि चिरतो. वर्षातून काही दिवसच बाहेर निघणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवावे. रेडिएटरच्या झाकणाचे रबर चार पैशांचे, पण ते गेले की चढावर पाणी उकळून बाहेर येते. या उंचीवर उघड्या भांड्यातील पाणी शंभर नव्हे, सुमारे ९६ अंशांवरच उकळते.

दसऱ्याला आपण गाडीला झेंडूचा हार घालतो, ते योग्यच आहे. खाली सपाटीवर शेतकरी पोळ्याला बैलाचे खांदे मळतो. परंतु त्याने वर्षभर बैलाचे खूर पाहिलेले असतात. आपल्या गाडीच्या वाट्याला बहुधा हारच येतो.

स्वतःच्या पोटाची गाडी असली की माणूस तिला जपतो. मुंबईतील काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींचे उत्पादन थांबल्यावरही टॅक्सीवाल्यांनी त्या वर्षानुवर्षे चालत्या ठेवल्या; अखेरीस वीस वर्षांची वयोमर्यादा भरल्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या रस्त्यावरून गेल्या. जी गाडी सर्वांची असते तिची गोष्ट वेगळी. आज एक चालक, उद्या दुसरा; किल्ली एकाकडे, लॉगबुक दुसऱ्याकडे, दुरुस्तीची मंजुरी तिसऱ्याकडे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी चालू राहत नाही. हा नियम मला मान्य आहे. पण पंधरा वर्षांची मुदत गाडीचे वय मोजते, तिचे ब्रेक मोजत नाही. सहाव्या वर्षीच धोकादायक झालेल्या गाडीला या नियमाने काही अटकाव होत नाही.

म्हणून माझी विनंती एवढीच की, पंचायतीच्या, शाळेच्या वा आरोग्य केंद्राच्या कामी येणाऱ्या प्रत्येक गाडीसाठी एकच माणूस जबाबदार धरावा, आणि लॉगबुकाच्या शेवटच्या पानावर ब्रेक ऑइल, टायर व इंजिन ऑइल बदलल्याच्या तारखा लिहाव्यात. दुरुस्तीचा कागद मंजुरीसाठी आला तर अधिकाऱ्यांनी प्रथम ब्रेकची बाब हातावेगळी करावी. सीटच्या खोळी थांबू शकतात. शिक्षकांनी सहलीची गाडी ठरविताना भाड्याबरोबर योग्यता प्रमाणपत्राची तारीखही विचारावी. आठ वर्षांवरील प्रवासी वाहनाला ते दरवर्षी घ्यावे लागते. विचारल्यास कोणी रागावला तर दुसरी गाडी पाहावी.

येथे महाशिवरात्रीला गोरखनाथाची यात्रा भरते. त्या दिवसांत भरलेल्या गाड्या एकामागून एक हा घाट उतरतात आणि एकाचे ब्रेक गेले तर पुढच्या दहा गाड्यांना धोका असतो. यात्रेच्या आधीच्या आठवड्यात एखाद्या जाणत्या मिस्त्रीला बोलावून गावातील सर्व गाड्या एकदा तपासून घेता येतील.

आता बाहेर ज्या गाड्या उभ्या आहेत त्यांतील एकीचे बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची डबी कोठे असते ते मी दाखवितो. चालकांनी पुढे यावे. सदस्यांनी आणि गुरुजींनीही यावे.