विमानातला फोन : नेमकी भीती कशाची?



सुरतेच्या डिंडोली भागातली आपली बरीचशी घरं ताप्तीकाठच्या रेल्वेने खानदेशातून इथे आली. आता त्याच घरांतली मुलं सुरतेच्या विमानतळावरून ये-जा करतात. विमान हललं की सूचना होते, फोन फ्लाइट मोडवर ठेवा. आणि शेजारचा हळूच विचारतो, ‘फोन चालू राहिना ते काय व्हई?’ प्रश्न रास्त आहे.

या निर्बंधाची सुरुवात मोबाइलच्या कितीतरी आधी, एफएम रेडिओपासून झाली. स्टेशन पकडताना रेडिओ स्वतःही एक लहर तयार करतो, बहुधा स्टेशनपेक्षा 10.7 मेगाहर्ट्झने वरची. म्हणजे 98.3 लावलं की 109 ची लहर उठणार. आणि 108 ते 118 या पट्ट्यातच वैमानिकाला दिशा आणि धावपट्टीची मध्यरेषा सांगणारे संकेत येतात! म्हणून 1960 च्या दशकात अमेरिकेने नियम केला. आपल्याकडे 1937 च्या विमान नियमावलीतला 29-ब हा नियम त्याच जातीचा.

मोबाइलची तऱ्हा वेगळी. अमेरिकेत 1991 मध्ये हवेतून मोबाइल वापरण्यावर बंदी आली, ती जमिनीवरच्या जाळ्याच्या काळजीने. उंचावरचा एकच फोन एकाच वेळी अनेक टॉवरना गाठतो. शिवाय टॉवर लांब असला की फोन पूर्ण जोर लावतो, आणि वैमानिकाच्या हेडफोनमध्ये खरखर उमटू शकते.

पुढे विमानांची तपासणी झाली, निर्बंध सैल झाले. एप्रिल 2014 मध्ये आपल्या विमान वाहतूक नियामकाने, डीजीसीएने, फ्लाइट मोडमधली उपकरणं उड्डाणभर वापरायला परवानगी दिली. 2018 च्या नियमांनी 3,000 मीटरच्या वर इंटरनेटची वाट उघडली. तिथे फोनला लांबचा टॉवर शोधावा लागत नाही. तो विमानातल्याच वायफायशी बोलतो.

मग भीती संपली? नाही, ती लहरींकडून बॅटरीकडे सरकली. लिथियम सेल चेपला किंवा आतून शॉर्ट झाला, तर त्याची उष्णता शेजारच्या सेलला पेटवते. विझलेली आग पुन्हा भडकते. सप्टेंबर 2016 मध्ये सिंगापूरहून चेन्नईला येणाऱ्या इंडिगोच्या विमानात एका सॅमसंग फोनमधून धूर निघाला. कर्मचाऱ्यांनी अग्निशामक वापरला आणि फोन पाण्यात बुडवला. हे जमलं, कारण धूर माणसांच्या डोळ्यांसमोर निघाला.

पॉवर बँक हातातल्या पिशवीतच ठेवायला सांगतात, ती याचसाठी. साधारण मर्यादा 100 वॉट-तासांची. 20,000 एमएएचची बँक साधारण 74 ची असते. फोन सीटच्या फटीत पडला, तर सीट मागेपुढे करू नका, कर्मचाऱ्याला बोलवा. सीटच्या यंत्रात तो चिरडला जाऊ शकतो.

एखाद्याचा फ्लाइट मोड राहून गेला तर विमान बहुधा सुखरूप उतरेल. विमानाच्या पोटातल्या सामानाच्या कप्प्यात पेटलेल्या बॅटरीपाशी मात्र पाणी घेऊन कोणी पोचू शकत नाही. तेव्हा काउंटरवर बॅग देण्याआधी तिची चेन एकदा उघडून बघा.