मुंबईत पहिल्यांदा येताय?

मुंबई पाहायला निघाला असाल, तर दिवसाची आखणी लोकलची गर्दी पाहून करा. सकाळी माणसांचा लोंढा चर्चगेट आणि सीएसएमटीकडे धावतो, संध्याकाळी उपनगरांकडे परततो. मुलं, म्हातारी माणसं किंवा सामान बरोबर असेल, तर सकाळी ११ ते दुपारी ४ हीच वेळ बरी. गाडी स्लो आहे की फास्ट, हे इंडिकेटरवर पाहूनच चढा. बोरिवलीला उतरायचं असेल, तर गर्दीच्या वेळी विरार फास्टमध्ये शिरू नका. तिच्या दारातून वाट काढणं नवख्याला फार अवघड जातं. पश्चिम रेल्वेवरून मध्य रेल्वेवर जायचं झालं, तर दादरला गाडी बदला. आणि हो, चालती गाडी पकडू नका. पुढची काही मिनिटांत येतेच.

रविवारी रेल्वेच्या दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असतो, तेव्हा हाताशी वेळ ठेवा. वांद्रे आणि शीवच्या दक्षिणेला रिक्षा चालत नाहीत. तिथे टॅक्सी किंवा बेस्टची बस. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. गेटवेहून बोटीने तिथे पोहोचायला तासभर लागतो, म्हणून सकाळीच निघा.