खाजणाचा बांध

मोठ्या भरतीच्या वेळी मांडवीच्या किंवा जुवारीच्या काठी एखाद्या बांधावर उभे राहावे. एका बाजूस नदीचे मचूळ पाणी, दुसऱ्या बाजूस भाताचे शेत, आणि पाण्याची पातळी शेताहून उंच! मध्ये असतो तो मातीचा बांध. भरतीच्या टापूतून अशा रीतीने मिळविलेल्या सखल जमिनीला गोव्यात खाजण म्हणतात. तिचे क्षेत्र सुमारे १७ ते १८ हजार हेक्टर मानले जाते.

ही विद्या फार जुनी आहे. कोकण मौर्यांपैकी अनिर्जितवर्म्याच्या बांदिवडे ताम्रपटात खाजण जमिनीचा उल्लेख येतो. हा लेख सहाव्या शतकाच्या सुमाराचा समजला जातो.

चिखल, गवत, बांबू आणि जांभा दगड एवढ्याच साहित्यावर बांध उभा राहतो. बाहेरच्या अंगाची खारफुटी लाटांचा मारा सोसते. पाण्याच्या वाटेवर लाकडी झडपांचे दार असते, त्यास मानस म्हणतात. भरतीच्या दाबाने झडपा आपोआप मिटतात; ओहोटी लागली की आतील पाण्याच्या रेट्याने उघडतात. पावसाने जमिनीतील खार धुऊन निघाला की कोरगुट, आसगो यांसारखी खार सोसणारी भाते पेरावयाची आणि कापणीनंतर खारे पाणी आत घेऊन मासळी धरावयाची, असा हा क्रम.

परंतु मातीचा बांध राखावा लागतो. खेकडा त्यात बीळ करतो. त्या बिळातून आधी पाणी पाझरते, मग माती वाहू लागते, आणि एखाद्या उधाणात खिंडार पडते. म्हणून बांधावर नित्य नजर हवी. पूर्वी हे काम गावकरी संस्था, म्हणजे पोर्तुगीज अमलातील कोमुनिदाद, आणि शेतकऱ्यांची मंडळी मिळून पाहत.

१९६१ साली गोवा मुक्त झाला, १९६४ साली कुळ कायदा आला. कसणाऱ्यास हक्क मिळाला, हे न्याय्यच झाले. मात्र बांधाचा भार कुळांच्या संघटनांवर आला, आणि तो सर्वत्र सारख्या निष्ठेने वाहिला गेला नाही. त्यातच मानशीवरील मासळीच्या पावणीस, म्हणजे लिलावास, भाताहून अधिक मोल आले. मासळीच्या लोभाने अवेळी खारे पाणी आत घेतले गेले, की शेत नापीक होते. खनिजाच्या बार्जांच्या लाटांनीही बांध खचले. कित्येक पडीक खाजणांत आज खारफुटी माजली आहे. जी खारफुटी बांधाबाहेर रक्षक, तीच आत आली की शेताचा शेवट!

२०११ सालच्या किनारी नियमन अधिसूचनेत खाजणांच्या रक्षणाची तरतूद झाली. तिचे स्वागत करावे. परंतु खेकड्याचे बीळ कागदावरून बुजत नाही. त्यासाठी बांधावरून चालणारा माणूस लागतो. समुद्राची पातळी वाढत असताना तर त्याची गरज अधिकच आहे.

पूर्वजांनी आपल्याला शेताबरोबर एक शिस्तही दिली होती. माझ्या वाट्याचा बांध मी राखला नाही, तर शेजाऱ्याचे शेत बुडते. एकदा खिंडार पडले की पाणी कोणाचा सर्व्हे क्रमांक विचारीत नाही. खाजण वाचवावयाचे असेल, तर मातीच्या आधी ही शिस्त पुन्हा बांधून काढावी लागेल.